यंत्राने फरशी घासताना उडणारी धूळ : स्वरूप, मापन व नियंत्रण
(अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थितीच्या विशेष संदर्भात)

फरशी गुळगुळीत व चकचकीत करण्याच्या क्रियेत तिचा पृष्ठभाग झिजविला जातो, ही गोष्ट उघड आहे. परंतु झिजून निघालेला भाग कोठे जातो, या प्रश्नाकडे घरमालक, कंत्राटदार व बहुतेक वेळा स्वतः पॉलिश करणारा कारागीरही लक्ष देत नाही. त्याचा मोठा अंश चिखलाच्या रूपाने मोरीत जातो, काही अंश खोलीत साचतो व झाडून काढला जातो. आणि एक अत्यंत अल्प अंश श्वासावाटे माणसाच्या फुप्फुसात जाऊन तेथेच राहतो. हा अल्प अंशच आरोग्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. तो कशावर अवलंबून असतो, तो रोखण्याचे कोणते उपाय शास्त्रशुद्ध आहेत आणि पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या प्रदेशात त्या उपायांची योजना कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. फरशीची सामग्री

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा हा दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा प्रदेश होय. येथील काळा पाषाण भिंतींच्या व जोत्यांच्या चिऱ्यांसाठी वापरला गेला. तथापि सामान्य घरातील जमीन मातीची व शेणाने सारवलेलीच असे. त्यानंतर शहाबादी फरशी, मोझॅक लाद्या, कोटा, कडप्पा, संगमरवर व ग्रॅनाइट अशी सामग्री क्रमाक्रमाने घराघरांत आली. अलीकडे कारखान्यातूनच चकाकी घेऊन येणाऱ्या विट्रिफाइड लाद्यांमुळे नव्या घरात घासणीचे काम कमी झाले आहे. परंतु जुन्या मोझॅकला पुन्हा पॉलिश करणे, मंदिरांच्या व मंगल कार्यालयांच्या संगमरवरी जमिनी उजळणे, गोदामांच्या व कारखान्यांच्या काँक्रीटच्या जमिनी घोटून काढणे, ही कामे शिर्डीसारख्या यात्रास्थळी, नगर शहरात आणि तालुक्यांच्या गावी चालूच आहेत.

या सर्व सामग्रीची धूळ सारखी नाही. धुळीचा धोका ठरविताना तिच्यातील मुक्त स्फटिकी सिलिकेचे, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झचे (गारगोटीचे) प्रमाण पाहावे लागते. येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बेसॉल्टच्या रासायनिक पृथक्करणात सिलिका सुमारे ५० टक्के आढळते. परंतु ती बव्हंशी फेल्डस्पार व पायरॉक्सीन या खनिजांत संयुक्त अवस्थेत असते. म्हणून 'निम्मी सिलिका असलेला दगड' एवढ्यावरून त्याची धूळ तितकीच घातक, असे अनुमान काढणे चुकीचे होय. मात्र याच खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजांबरोबर कॅल्सिडनी, अकीक व क्वार्ट्‌झही आढळतात, आणि खडक झिजून तयार झालेल्या नदीच्या वाळूत हे कठीण कण टिकून राहतात. अकीक व कॅल्सिडनी ही सूक्ष्मस्फटिकी सिलिकाच असल्याने वाळूची बाब दगडापेक्षा वेगळी ठरते.

शहाबादी, कोटा व कडप्पा हे चुनखडक असून संगमरवर हे त्यांचे रूपांतरित भावंड होय. शुद्ध संगमरवरात क्वार्ट्‌झ अत्यल्प असते. याउलट ग्रॅनाइटमध्ये ते साधारणतः २० ते ३५ टक्के असते. मोझॅक व काँक्रीट यांच्या बाबतीत संगमरवराचे तुकडे व सिमेंट हे घटक तुलनेने निरुपद्रवी असले, तरी मिसळलेल्या वाळूवर बरेच काही अवलंबून असते. लाकडी जमीन जिल्ह्यात क्रीडागृहे व रंगमंच सोडल्यास क्वचितच आढळते. तिच्या धुळीत सिलिकेचा प्रश्न नसला, तरी लाकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्कजनक पदार्थांत केली आहे; शिवाय ती ज्वालाग्राही असते व तिला पाण्याचा उपाय लागू पडत नाही. तेथे शोषणाचाच मार्ग अवलंबावा लागतो.

२. दिसणारी धूळ व न दिसणारी धूळ

फरशी घासताना खोली पांढरी होते, हे दृश्य भयावह वाटते. पण डोळ्यांना दिसणारे कण बहुतेक मोठे असतात. ते लवकर खाली बसतात, अथवा नाकात व घशात अडकून बाहेर टाकले जातात. फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचणारे कण दहा मायक्रॉनपेक्षा लहान व बहुतांशी चार-पाच मायक्रॉनच्या आतील असतात. स्टोक्सच्या नियमानुसार कणाचा पतनवेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे १० मायक्रॉन व्यासाचा क्वार्ट्‌झचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर खाली येतो व तीन मीटर उंचीच्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत पोचण्यास त्याला सहा-सात मिनिटे पुरतात. १ मायक्रॉनच्या कणाला त्याच प्रवासास नऊ तासांच्या आसपास वेळ लागतो. हवा प्रत्यक्षात कधीच स्थिर नसल्यामुळे हा कण व्यवहारतः तरंगतच राहतो. यंत्र बंद झाल्यावर व 'धूळ बसल्यावर' खोलीत बसून जेवण करणारा कारागीर तीच हवा घेत असतो.

वायुकोशात पोचलेला क्वार्ट्‌झचा कण तेथील भक्षक पेशी गिळतात; परंतु त्या त्याला पचवू शकत नाहीत, उलट स्वतःच नष्ट होतात. कण मोकळा होतो व पुन्हा गिळला जातो. या आवर्तनातून फुप्फुसात तंतुमय गाठी बनतात. हाच सिलिकोसिस होय. तो बरा करणारे औषध नाही. धुळीचा संपर्क संपल्यावरही तो वाढू शकतो, आणि त्याच्या जोडीने क्षयाची शक्यता पुष्कळ वाढते. खोकला, दम व वजनातील घट ही लक्षणे क्षयाशी जुळत असल्यामुळे रुग्णाच्या व्यवसायाची चौकशी न केल्यास खरा रोग झाकला जातो. स्फटिकी सिलिका १९९७ मध्ये कर्कजनक म्हणूनही वर्गीकृत झाली.

३. एका खोलीचे गणित

नियंत्रण किती काटेकोर हवे, याची कल्पना एका साध्या उदाहरणावरून येईल. चार मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलीत मोझॅकच्या पहिल्या घासणीत एक मिलिमीटर थर निघाला, असे धरू. निघालेल्या द्रव्याचे आकारमान १६ लिटर व वजन सुमारे ३८ किलोग्रॅम होईल. त्यात क्वार्ट्‌झ १० टक्के आहे असे मानल्यास ते ३.८ किलोग्रॅम भरेल. खोलीतील हवा ४८ घनमीटर आहे. अमेरिकेत २०१६ च्या नियमांनी श्वसनीय स्फटिकी सिलिकेची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम ठरविली. म्हणजे संपूर्ण खोलीची हवा या मर्यादेपर्यंत दूषित होण्यास केवळ २.४ मिलिग्रॅम क्वार्ट्‌झ पुरेसे आहे. झिजलेल्या क्वार्ट्‌झचा अवघा दशलक्षांश भाग श्वसनीय कणांच्या रूपाने हवेत राहिला, तरी ३.८ मिलिग्रॅम होतात व मर्यादा ओलांडली जाते.

या गणितात वायुवीजन धरलेले नाही व गृहीत आकडे प्रत्येक जागी बदलतील; तथापि निष्कर्ष बदलत नाही. ३८ किलोग्रॅम भुकटीपैकी जवळजवळ सर्व भुकटी पकडली, तरी उरलेला नगण्य भाग प्रश्न निर्माण करू शकतो. म्हणून धूळ हवेत मिसळल्यानंतर तिचा पाठलाग करणे व्यर्थ असून ती जेथे जन्म घेते तेथेच तिला पकडणे हे नियंत्रणाचे मुख्य तत्त्व ठरते.

४. पाण्याचा उपाय व त्याची मर्यादा

हे तत्त्व खाणींमध्ये फार मोठी किंमत देऊन शिकले गेले. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९३०-३१ मध्ये हॉक्स नेस्ट येथील बोगदा खणताना उच्च सिलिकायुक्त वालुकाश्मात कोरडी छिद्रे पाडण्यात आली व त्यातून शेकडो मजूर सिलिकोसिसने मृत्यू पावले. छिद्राच्या तळाशी पाणी सोडून खणण्याची पद्धत त्या वेळी माहीत होती. ती वापरली गेली नाही.

फरशीच्या मोठ्या यंत्रात पाण्याची प्रथा सुरुवातीपासून आहे. कार्बोरंडमचे दगड लावलेली चकती ओल्या पृष्ठभागावर फिरते. साधारणतः ६० क्रमांकाच्या भरड दगडाने पहिली, १२० च्या दगडाने दुसरी व ३२० च्या दगडाने तिसरी घासणी होते, आणि शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची भुकटी टाकून नमद्याने चकाकी आणली जाते. येथे पाणी दगड थंड ठेवते, भुकटी वाहून नेते व धूळही दाबते. कारागिरांनी ते कामाच्या सोयीसाठी स्वीकारले. आरोग्याचा लाभ त्यातून आपोआप मिळाला.

पाणी धूळ कशी रोखते, हे नीट समजून घेतले पाहिजे. दगड व फरशी यांच्या स्पर्शस्थानी पाण्याचा अखंड थर असेल, तर सुटलेला कण हवेत जाण्यापूर्वीच ओला होतो व मोठ्या गोळ्यात सामावला जातो. याउलट हवेत तरंगणाऱ्या धुळीवर पाणी शिंपडल्यास सूक्ष्म कण थेंबाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाबरोबर वळून निसटतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जमिनीवर एक बादली ओतणे आणि चकतीखाली सतत धार चालू ठेवणे यांत मोठा फरक आहे. जमीन मध्येच सुकली, की त्या क्षणापासून घासणी कोरडी झाली असे समजावे.

परंतु प्रत्यक्ष कामात धुळीचा मुख्य उगम बहुधा या यंत्राखाली नसतोच. चकती गोल असल्यामुळे ती भिंतीच्या कडेपर्यंत व कोपऱ्यात पोचत नाही. कडा, कोपरे, पायऱ्या, उंबरे व भिंतीलगतच्या पट्ट्या हातातील ग्राइंडरने घासाव्या लागतात, आणि हे काम सर्रास कोरडे केले जाते. ग्राइंडरची चकती मोठ्या यंत्राच्या मानाने पुष्कळ वेगाने फिरते, भुकटी अधिक बारीक करते व ती कारागिराच्या तोंडापासून हातभर अंतरावर फेकते. क्षेत्रफळ थोडे, पण धूळ अधिक, असा हा प्रकार आहे. तोच कारागीर तोच ग्राइंडर घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्याची ग्रॅनाइटची किंवा कृत्रिम क्वार्ट्‌झची कड गोल करतो, तेव्हा धोका कित्येक पटींनी वाढतो. अशा कृत्रिम दगडात क्वार्ट्‌झ ९० टक्क्यांपर्यंत असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली.

साध्या ग्राइंडरवर पाणी ओतणे हा उपाय नव्हे. त्याची मोटर ओल्या कामासाठी बनविलेली नसते व विजेच्या धक्क्याने मृत्यू ओढवू शकतो. ओल्या कामासाठी मुद्दाम बनविलेले साधन, भूसंपर्कन आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा खटका ही तिन्ही असतील, तरच पाणी वापरावे. मोठ्या यंत्रालाही शेवटच्या दोन अटी तितक्याच लागू आहेत.

५. शोषणाचा उपाय

कडेच्या कामासाठी अधिक योग्य उपाय म्हणजे चकतीभोवती झाकण बसवून त्यातील हवा शोषून घेणे. शोषणाचा एक गुणधर्म येथे ध्यानात घ्यावा. फुंकलेली हवा दूरवर जाते, पण ओढलेली हवा तोंडाजवळच प्रभावी असते. शोषक नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढ्या अंतरावरच हवेचा वेग मूळ वेगाच्या सुमारे दहाव्या भागावर येतो. म्हणून शेजारी नळी धरून उभा केलेला मदतनीस फारसे काही साधत नाही. झाकणाची कड फरशीला टेकलेली असली पाहिजे. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमांत हातातील ग्राइंडरसाठी चकतीच्या व्यासाच्या दर इंचाला मिनिटास २५ घनफूट हवा, म्हणजे पाच इंची चकतीला सुमारे साडेतीन घनमीटर हवा, आणि ९९ टक्के किंवा अधिक कार्यक्षमतेची गाळणी अपेक्षिली आहे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या कापडी पिशवीतून सूक्ष्म कण पुन्हा खोलीतच येतात, हे सांगणे नको.

उभ्या पंख्याने धूळ 'उडवून लावणे' हा तर उलट उपाय होय. तो कण खोलीभर पसरवितो व बसलेली धूळ उठवितो. खिडकीत बाहेर फेकणारा पंखा व समोरचे दार उघडे, अशी योजना पूरक म्हणून उपयोगी आहे. पण ती स्पर्शस्थानीच्या नियंत्रणाची जागा घेऊ शकत नाही.

याच तत्त्वाचे एक परिचित उदाहरण गुजरातमधील खंभात येथे आढळते. तेथील अकीक घासणाऱ्या कारागिरांतील सिलिकोसिसचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने केला असून चाकाजवळच धूळ ओढून घेणे हाच तेथील नियंत्रणाचा गाभा मानला गेला. अकीक हा दख्खनच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत तयार होणारा दगड असल्याने या जिल्ह्यातील अभ्यासकास तो परका नाही.

६. दुष्काळी प्रदेशातील पाण्याचा ताळेबंद

नगर जिल्ह्याचा दक्षिण व पूर्व भाग पर्जन्यछायेत असून उन्हाळ्यात अनेक गावांना टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. अशा वेळी फरशी धुण्यासाठी पाणी मागणे कारागिराला अवघड जाते व घासणी कोरडी करण्याकडे कल होतो. बांधकामाची कामेही पावसाळ्यापूर्वी उरकण्याची घाई असते. त्यामुळे पाणी सर्वांत कमी असताना काम सर्वांत जास्त, असा योग जुळून येतो. प्रश्नाचे खरे स्थानिक स्वरूप येथे आहे.

मिनिटाला दोन लिटर धार धरल्यास सहा तासांच्या कामास ७२० लिटर पाणी लागेल. परंतु हे पाणी नष्ट होत नाही. ते चिखलात असते. रबरी पट्टीने चिखल ओढून पिंपात भरला, भरड गाळ खाली बसू दिला व वरचे पाणी दुसऱ्या पिंपात घेऊन पुन्हा वापरले, तर दोनतृतीयांश पाणी परत मिळते असे मानल्यास नव्याने लागणारे पाणी २४० लिटरवर येते. मात्र एक पथ्य पाळावे लागते. परतलेल्या पाण्यात भरड कण उरत असल्यामुळे ते पहिल्या घासणीसच वापरावे. शेवटच्या घासणीत तेच कण फरशीवर ओरखडे पाडतात. हिवरे बाजारने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची जी सवय लावून घेतली, तीच सवय एका खोलीच्या कामाला लावण्यासारखी आहे. पाणी नाही म्हणून धूळ सोसावी, हा पर्याय अनिवार्य नाही.

चिखलाची विल्हेवाट हाही नियंत्रणाचाच भाग आहे. ओला चिखल निरुपद्रवी भासतो. पण तो अंगणात सुकला की त्यातील सर्व सूक्ष्म कण पुन्हा मोकळे होतात, आणि ते उडविण्यास एक केरसुणी किंवा वाऱ्याची झुळूक पुरते. पाण्याने धूळ नाहीशी होत नाही, तिला फक्त मुदत मिळते. ती मुदत संपण्यापूर्वी गाळ ओलसर असतानाच पोत्यात बांधून हलविला पाहिजे. सिमेंटयुक्त गाळ अल्कधर्मी असल्याने तो उघड्या हातापायांना लागू देऊ नये व मोरीत सोडू नये. तेथे तो घट्ट होऊन बसतो. खोलीतील उरलेली धूळ कोरड्या झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसावी.

७. मुखपट्टीचे स्थान

नाकातोंडाला उपरणे किंवा रुमाल बांधण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. कापडाच्या धाग्यांमधील छिद्रे श्वसनीय कणांच्या मानाने फार मोठी असतात. त्यामुळे रुमाल मोठी धूळ अडवितो व कारागिराला सुरक्षिततेचा भास देतो. आय. एस. ९४७३ या भारतीय मानकानुसार असलेली कणरोधक मुखपट्टी घट्ट बसली तरच उपयोगी पडते. दाढी वाढलेली असल्यास कडेने हवा शिरते. शिवाय उन्हाळ्यात जड काम करताना ती दिवसभर लावणे कठीण असते. म्हणून मुखपट्टी हा पाणी व शोषण यांच्यानंतरचा उपाय होय.

८. कायदा व मोजमाप

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसला अधिसूचनीय रोगांच्या यादीत स्थान दिले होते आणि श्वसनीय धुळीची मर्यादा क्वार्ट्‌झच्या टक्केवारीशी जोडली होती : १० भागिले (क्वार्ट्‌झची टक्केवारी अधिक २), उत्तर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये. या सूत्राने ३ टक्के क्वार्ट्‌झ असलेल्या धुळीस २ मिलिग्रॅम, तर ३० टक्क्यांच्या धुळीस सुमारे ०.३ मिलिग्रॅम एवढी मर्यादा येते. धुळीचे वजन नव्हे, तर तिचा गुणधर्म महत्त्वाचा, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. परंतु तो अधिनियम कारखान्यांपुरता होता. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा अधिनियम दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही आस्थापनेची व्याख्या सामान्यतः दहा कामगारांचीच आहे. एखाद्या घरी तीन-चार माणसांनी येऊन फरशी घासून जाणारी टोळी त्यामुळे कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. मजुरी चौरस फुटावर ठरते; तीत कडेच्या यंत्राचे झाकण, शोषक वा गाळाची पिंपे यांचा खर्च धरलेला नसतो. निविदेत धूळ-नियंत्रण ही स्वतंत्र बाब म्हणून दाखविल्याखेरीज ते कोणी करील, अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

संशोधनास येथे पुष्कळ वाव आहे. व्यक्तिगत नमुना घेताना चक्रवात-विभाजक लावून मिनिटास १.७ लिटर हवा आठ तास ओढल्यास ०.८ घनमीटर हवा मिळते, ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर गाळणीवर क्वार्ट्‌झ केवळ ०.०४ मिलिग्रॅम जमते. म्हणून नुसते वजन पुरत नाही, क्ष-किरण विवर्तनाची अथवा अवरक्त वर्णपटमापनाची जोड द्यावी लागते. गोदावरी, प्रवरा, मुळा व सीना यांच्या वाळूतील आणि बेसॉल्ट दळून केलेल्या वाळूतील मुक्त सिलिकेची तुलना, तसेच मोठ्या यंत्राजवळील व कडेच्या ग्राइंडरजवळील धुळीचे स्वतंत्र मापन, हे विषय पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत.

सारांश, यंत्राखाली अखंड पाणी, कडेला झाकण व शोषण, गाळ ओला असतानाच त्याची उचल आणि या सर्वांच्या जोडीला मुखपट्टी, असा उपायांचा क्रम लागतो. यांपैकी कोणताही उपाय दुर्मीळ यंत्रसामग्रीची अपेक्षा करीत नाही. फरशी पाहणाऱ्याला तिची चकाकी दिसते. ती निर्माण करणाऱ्याच्या फुप्फुसात काय उरले, हे मात्र दहा-पंधरा वर्षांनी क्ष-किरण चित्रातच दिसते, आणि तोपर्यंत ते काढून टाकण्याचा मार्ग उरलेला नसतो.